ट्रेलर बघताना नेमकं काय तपासायचं? ई-थ्री २०१५ च्या घोषणा आणि त्यांचं पुढे काय झालं

निळी_कळ

ई-थ्री हे व्हिडिओ गेमचं मोठं प्रदर्शन कायमचं बंद केल्याचं १२ डिसेंबर २०२३ ला जाहीर झालं, पण घोषणांचा हंगाम काही थांबलेला नाही. जूनमध्ये लॉस एंजेलिसचा समर गेम फेस्ट, ऑगस्टमध्ये कोलोनचं गेम्सकॉम, मग चिबाला भरणारा टोकियो गेम शो. प्रत्येक वेळी दोन तासांत ढीगभर ट्रेलर अंगावर येतात आणि त्यातलं खरं किती होतं ते कळायला तीन-चार वर्षं जातात.

म्हणून एक जुना दिवस घेऊन मागून पुढे बघूया. १५ जून २०१५. सकाळी मायक्रोसॉफ्ट, संध्याकाळी सोनी. एका दिवसात इतक्या मोठ्या घोषणा ई-थ्रीत क्वचितच झाल्या असतील.

सोनीने सुरुवातच 'द लास्ट गार्डियन'ने केली. हा २००९ मध्ये पीएस३ (सोनीचं प्लेस्टेशन ३) साठी जाहीर झालेला खेळ, लोकांनी आशा सोडून दिलेली. आला ६ डिसेंबर २०१६ ला, पीएस४ वर. 'फायनल फँटसी ७'चा रीमेक जाहीर झाला तेव्हा सभागृह अक्षरशः ओरडत होतं. तो आला १० एप्रिल २०२० ला, आणि तोही मिडगार शहरापुरता. मूळ खेळात मिडगार पहिल्या काही तासांत मागे पडतं. 'शेनम्यू ३' तर थेट किकस्टार्टरची (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटची) लिंक घेऊनच मंचावर आला.

मायक्रोसॉफ्टची मला सगळ्यात भरीव वाटलेली घोषणा म्हणजे जुन्या एक्सबॉक्स ३६० चे खेळ नव्या एक्सबॉक्स वनवर चालणं. ट्रेलर म्हणावा असं त्यात काही नव्हतं, पण १२ नोव्हेंबर २०१५ ला १०४ खेळांसह ते खरोखर सुरू झालं. त्याच मंचावर होलोलेन्स (समोरच्या खऱ्या जागेत चित्रं दाखवणारा चष्मा) घालून टेबलावर उभं केलेलं माइनक्राफ्ट मात्र हवेतच राहिलं.

जाणकारांना विचारायचंय:

ट्रेलरमधला कुठला तुकडा खऱ्या खेळातला आहे हे ओळखायची काही रीत आहे का? तारीख आणि 'एक्सक्लुझिव्ह' (फक्त एकाच कंपनीच्या यंत्रावर) या शब्दांवर किती विसंबायचं? आणि पीसीसाठी जे 'रेकमेंडेड' म्हणून छापतात ते कसं वाचायचं?

---

चौकटमोज्या

पहिल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर देतो, कारण इथे डोळ्यांनी बघून बरंच कळतं.

दाखवलेली चित्रं साधारण चार जातींची असतात. पहिली पूर्ण सीजी, म्हणजे संगणकावर सिनेमासारखी बनवलेली: खेळाशी संबंध फक्त कथेपुरता. दुसरी 'इन-इंजिन': खेळाच्याच इंजिनात (खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेली. पण एकेक चौकट निवांत तयार करून नंतर जोडली तरी त्याला इन-इंजिन म्हणता येतं, त्यामुळे हा शब्द वेगाबद्दल काहीच सांगत नाही. तिसरी 'व्हर्टिकल स्लाइस': खेळता येणारा, पण दहा-पंधरा मिनिटांचा हाताने सजवलेला तुकडा. चौथी म्हणजे मंचावर कंट्रोलर हातात घेऊन खरोखर खेळलेलं.

सीजीचं प्रसिद्ध उदाहरण 'किलझोन २'. ई-थ्री २००५ मध्ये दाखवलेलं ते चित्रण आधीच रेंडर केलेलं, म्हणजे संगणकावर सावकाश बनवून ठेवलेलं होतं. खेळ आला फेब्रुवारी २००९ मध्ये. चांगला आला, पण ते २००५ चं चित्र पीएस३ वर कधीच चालत नव्हतं.

व्हर्टिकल स्लाइसचं उदाहरण 'वॉच डॉग्स', ई-थ्री २०१२. तेव्हा पीएस४ आणि एक्सबॉक्स वन जाहीरही झाले नव्हते. डेमो पीसीवर चालत होता. २७ मे २०१४ ला खेळ आला तेव्हा तो पीएस३ आणि ३६० वरही चालवायचा होता. गाड्यांच्या दिव्यांनी पडणाऱ्या सावल्या, धुकं, दूरची धूसरता बरीच कमी झालेली. जून २०१४ मध्ये एका मॉडरला (खेळाच्या फायलींत स्वतः बदल करणाऱ्याला) पीसी आवृत्तीच्या फायलींमध्ये त्या जुन्या इफेक्ट्सच्या सेटिंग बंद अवस्थेत सापडल्या. हे का होतं? डेमोत एकच चौक असतो. त्या चौकातला प्रत्येक दिवा हाताने बसवता येतो आणि सगळी मेमरी त्याच्यावर खर्च करता येते. पूर्ण खेळात तीच मेमरी अख्ख्या शहराला, रहदारीला आणि भरधाव गाडीपुढे येणाऱ्या नव्या रस्त्याला पुरवायची असते. सेकंदाला ३० फ्रेम, म्हणजे चौकटी, काढायच्या तर दर चौकटीला ३३.३ मिलिसेकंद मिळतात, ६० साठी १६.७. त्यात जे बसत नाही ते कापलं जातं, आणि सावल्या महाग असल्याने बहुतेकदा त्यांच्यावरच पहिली कात्री चालते.

आता बघायचं कसं:

१. यूट्यूबवर मिळेल तो सर्वांत वरचा दर्जा निवडा. स्क्रीन १०८० ची असली तरी २१६० निवडा, कारण त्याला बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) जास्त मिळतो. कमी बिटरेटमध्ये गवत, पाऊस आणि धूर यांचा चिखल होतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

२. व्हिडिओ थांबवा आणि कीबोर्डवरच्या पूर्णविरामाने एकेक चौकट पुढे, स्वल्पविरामाने मागे जा. ६० च्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोनदा येत असेल तर मूळ ३० आहे. तीनदा, दोनदा, तीनदा, दोनदा अशी लय असेल तर ते २४ वर बनवलेलं आहे, म्हणजे बहुधा सिनेमासारखं रेंडर केलेलं. व्हिडिओच ३० चा चढवला असेल तर ही मोजणी करू नका, उत्तर निघत नाही.

३. पाणी आणि ओल्या रस्त्यातली प्रतिबिंबं बघा. कॅमेरा खाली झुकल्यावर इमारत चौकटीबाहेर गेली आणि तिचं प्रतिबिंबही पुसलं गेलं, तर ते स्क्रीन-स्पेस तंत्र आहे, म्हणजे पडद्यावर दिसतं त्याचंच प्रतिबिंब काढणारं. ही खोट दिसणं उलट चांगलं लक्षण: तो भाग खरोखर चालू खेळातला आहे.

४. दूरची झाडं अचानक उगवणं, सावलीची कड पावलागणिक सरकणं, गर्दीतल्या दोन माणसांची एकच चाल. हेही खरेपणाचे पुरावे. काहीही न चुकणारं चित्र दिसलं तर मला जास्त शंका येते.

५. नेम धरतानाची हालचाल बघा. कंट्रोलरच्या काठीने नेम हळू सुरू होतो, वेग घेतो, लक्ष्याच्या किंचित पुढे जाऊन परत येतो. ट्रेलरमधला नेम रेषेत सरकून बरोबर डोक्यावर थांबत असेल तर तो बसवलेला आहे.

६. तीन सेकंदांपेक्षा लहान तुकडे सोडून द्या. सलग वीस-तीस सेकंद न कापता जे दाखवलंय तेवढ्यावरच मत बनवा.

२०१५ च्याच संध्याकाळी याचा उत्तम पुरावा मिळाला होता. सोनीच्या शेवटी 'अनचार्टेड ४'चा डेमो सुरू झाला आणि नायक बाजारातल्या गर्दीत नुसता उभा राहिला, हलेच ना. डेमो पुन्हा सुरू करावा लागला. कार्यक्रमाच्या दृष्टीने फजिती, पण बघणाऱ्याला खात्री पटली की कंट्रोलर खरोखर जोडलेला आहे. खेळ १० मे २०१६ ला आला.

---

अर्धी_वाटी

होलोलेन्सबद्दल थोडं, कारण तिथे फसवणूक चित्राच्या दर्जाची नव्हती, कॅमेऱ्याच्या जागेची होती.

प्रेक्षकांना जे दिसलं ते मंचावरच्या खास जोडणी केलेल्या कॅमेऱ्यातून: अख्खं टेबल, त्यावर अख्खा किल्ला. चष्मा घातलेल्या माणसाला मात्र पहिल्या होलोलेन्समध्ये आडवा कोन साधारण ३० अंशांचाच मिळायचा. हात लांब करून समोर उघडून धरलेल्या एका मध्यम आकाराच्या पुस्तकाएवढी ती खिडकी. टेबलाजवळ गेलं की किल्ला कडेला कापला जाणार, मान फिरवून फिरवून बघावा लागणार. डेव्हलपर आवृत्ती मार्च २०१६ मध्ये ३,००० डॉलरला निघाली. मंचावर दाखवलेलं ते माइनक्राफ्ट घरच्या ग्राहकाला विकत कधीच मिळालं नाही.

म्हणून चष्मा किंवा व्हीआर दाखवतात तेव्हा एकच गोष्ट शोधा: 'चष्म्याच्या आतून घेतलेलं' चित्रण आहे का. बाहेरच्या कॅमेऱ्याचं चित्र उपकरणाबद्दल काहीच सांगत नाही.

---

शब्दशः

तारीख आणि एक्सक्लुझिव्ह. इथे शब्दन् शब्द वाचावा लागतो.

'राइज ऑफ द टूम रेडर' घ्या. ऑगस्ट २०१४, गेम्सकॉम. वाक्य असं होतं की खेळ '२०१५ च्या सुट्ट्यांत, फक्त एक्सबॉक्सवर' येणार. लोकांनी 'फक्त एक्सबॉक्सवर' एवढंच ऐकलं. दुसऱ्याच दिवशी मायक्रोसॉफ्टकडून खुलासा आला की कराराला मुदत आहे. एक्सबॉक्सवर १० नोव्हेंबर २०१५, पीसीवर जानेवारी २०१६, पीएस४ वर ११ ऑक्टोबर २०१६. म्हणजे त्या वाक्यात 'फक्त' हा शब्द 'सुट्ट्यांत'ला चिकटलेला होता.

आजही शेवटच्या पाटीवर 'कन्सोल लाँच एक्सक्लुझिव्ह' असं असेल तर त्यातला प्रत्येक शब्द एकेक सूट घेतो. 'कन्सोल' म्हणजे पीसीवर पहिल्या दिवशी येऊ शकतो. 'लाँच' म्हणजे नंतर दुसऱ्या कन्सोलवर येऊ शकतो. दोन्ही शब्द नसतील आणि खेळ कंपनीच्या स्वतःच्या स्टुडिओचा असेल, तरच ते पक्कं, आणि तेही निदान काही वर्षांपुरतं.

तारखेचं म्हणाल तर नुसता लोगो ही घोषणा नसतेच, ती नोकरभरतीची जाहिरात आणि गुंतवणूकदारांना दिलेला दिलासा असतो. 'मेट्रॉइड प्राइम ४'चा ई-थ्री २०१७ मध्ये फक्त लोगो दाखवला. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोने स्वतः सांगितलं की काम पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या स्टुडिओकडे. 'एल्डर स्क्रोल्स ६'चा ई-थ्री २०१८ मधला ट्रेलर म्हणजे डोंगर आणि नाव. 'स्केलबाउंड' ई-थ्री २०१४ ला दाखवला, जानेवारी २०१७ मध्ये रद्द.

वर्ष दिलं असेल तर त्यात एक मिळवा. तिमाही दिली असेल तर बघा ती मार्चअखेर आहे का. जपानी कंपन्यांचं आर्थिक वर्ष आपल्यासारखंच एप्रिल ते मार्च, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चची तारीख हिशेबासाठी शक्यतो पाळतात, आणि पाळायच्या नादात कच्चा खेळही बाहेर पडतो.

पूर्ण तारीख दिली तरी निर्धास्त राहू नका. 'सायबरपंक २०७७'ला ई-थ्री २०१९ मध्ये १६ एप्रिल २०२० ही तारीख मिळाली. मग १७ सप्टेंबर, मग १९ नोव्हेंबर. ५ ऑक्टोबरला 'गोल्ड' झाल्याचं जाहीर केलं, म्हणजे डिस्कसाठीची प्रत तयार. तरीही २७ ऑक्टोबरला आणखी तीन आठवडे पुढे ढकलला, १० डिसेंबरवर. 'गोल्ड' हा शब्द आता फक्त डिस्क छापायला गेल्याचं सांगतो. पहिल्या दिवशीचा पॅच (दुरुस्तीची फाइल) त्यानंतरही बनत असतो. खेळ आल्यावर आठवड्याभरात सोनीने तो स्वतःच्या स्टोअरवरून काढला आणि जून २०२१ मध्ये पुन्हा विक्रीला ठेवला.

विश्वास ठेवावा अशी चाल म्हणजे 'फॉलआउट ४': ३ जून २०१५ ला जाहीर, १४ जूनला मंचावर लांबलचक गेमप्ले, १० नोव्हेंबरला दुकानात. जाहीर करणं आणि विकणं यातलं अंतर जितकं कमी, तितकं दाखवलेलं चित्र विकल्या जाणाऱ्या खेळाच्या जवळ.

---

गंजका_हँडल

शेनम्यूबद्दल एक भर. मागितले होते २० लाख डॉलर, आणि ते नऊ तासांच्या आत जमले. शेवटी ६३ लाखांच्या वर गेले. पण एवढ्या पैशात तसा खेळ होत नाही. किकस्टार्टरची रक्कम हा पूर्ण खर्च नव्हता, बाहेरचा पैसाही लागणार होता, आणि तो पैसा आपल्या अटी घेऊन येतो. २०१९ मध्ये ठरलं की पीसीवर खेळ आधी एपिक स्टोअरवर येणार. पैसे देताना स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाची अपेक्षा धरलेले लोक चिडले आणि शेवटी परताव्याची सोय करावी लागली. खेळ १९ नोव्हेंबर २०१९ ला आला.

किकस्टार्टरवर पैसे देणं ही खरेदी नाही. कन्सोल, स्टोअर, तारीख यातलं काहीही बदलू शकतं. आवडत्या निर्मात्याला मदत म्हणून द्या, तेवढ्याच भावनेने.

---

सावकाश_चाल

वरचं सगळं पटलं, पण प्रत्येक फरकाला लबाडी म्हणू नये.

'एलियन्स: कलोनियल मरीन्स' फेब्रुवारी २०१३ मध्ये आला, डेमोपेक्षा फारच वाईट. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाकडे तक्रार गेली आणि ट्रेलर डेमोच्या चित्रणाचा आहे अशी सूचना टाकायचं प्रकाशक सेगाने मान्य केलं. तो भाग गंभीर होताच. पण २०१८ मध्ये सगळ्यांना कळलं की शत्रूंच्या बुद्धीशी संबंधित एका सेटिंग फाइलमध्ये 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जादा पडला होता. तो काढल्यावर शत्रू बाजूने येऊ लागले, पांगू लागले. पाच वर्षं एका अक्षरापायी ती आज्ञा कोणी ऐकतच नव्हतं. हा निव्वळ तपासणीतला हलगर्जीपणा, आणि तो कुठल्याही ट्रेलरमध्ये दिसला नसता.

---

निळी_कळ

फार उपयोगी. पीसीच्या 'रेकमेंडेड'वर आणि प्री-ऑर्डरच्या परताव्यावर कोणी सांगेल का? मंचावर डॉलरमध्ये सांगितलेली किंमत इथे किती पडते तेही.

---

सातशेवीस_पी

'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' या शब्दांची कुठलीही ठरलेली व्याख्या नाही. यादीत चार गोष्टी शोधा: रेझोल्यूशन, फ्रेमचा आकडा, ग्राफिक्सची पातळी, आणि अपस्केलिंग (लहान चित्र फुगवून मोठं करणं) किंवा फ्रेम जनरेशन (मधल्या चौकटी अंदाजाने भरणं) धरलंय का. यातली एक जरी लिहिलेली नसेल तरी ग्राफिक्स कार्डाच्या नावाला अर्थ नाही.

'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स'ची यादी उदाहरण म्हणून वाचावी. २०२४ मध्ये जी पहिली यादी आली त्यात रेकमेंडेड होतं १०८० वर ६० फ्रेम, पण फ्रेम जनरेशन चालू ठेवून. म्हणजे खेळ स्वतः त्याच्या निम्म्या आसपास चित्रं काढणार आणि मधली चित्रं कार्ड अंदाजाने भरणार. डोळ्याला ६० दिसतात, पण बटण दाबल्यापासून तलवार हलेपर्यंतचा उशीर ३० वाल्या खेळाचाच, उलट किंचित जास्त, कारण मधलं चित्र बनवायला पुढचं हातात असावं लागतं. ज्या खेळात वेळ साधून उडी मारायची त्यात हा उशीर हाताला जाणवतो. फ्रेम जनरेशन ६० चे १०० करायला ठीक. ३० चे ६० करायला नाही.

त्याच यादीत मिनिमम म्हणजे ७२० वरून फुगवलेलं १०८०, ३० फ्रेम. जागा १४० जीबी सांगितली होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती ७५ वर आणली. यादी बदलते, म्हणून कार्ड घ्यायची घाई प्रदर्शनाच्या आठवड्यात करू नका. त्या खेळाचं मोफत बेंचमार्कही (आपला पीसी किती फ्रेम काढतो ते मोजणारा प्रोग्रॅम) विक्रीआधी स्टीमवर ठेवलं होतं. असं बेंचमार्क मिळालं तर सरासरीचा आकडा बाजूला ठेवा आणि गर्दीच्या, उघड्या माळाच्या दृश्यात आकडा किती खाली जातो ते बघा. फ्रेम जनरेशन बंद करून एकदा, चालू करून एकदा.

परतावा: स्टीमवर प्री-ऑर्डर केलेला खेळ विक्रीच्या दिवसापर्यंत कधीही परत करता येतो, त्यानंतर १४ दिवस आणि दोन तासांपेक्षा कमी खेळ ही अट. इथे दोन खड्डे आहेत. पहिल्यांदा सुरू केल्यावर शेडर (चित्र काढायचे छोटे प्रोग्रॅम) बनतात तो वेळही या दोन तासांत धरला जातो, कारण स्टीमच्या दृष्टीने खेळ चालू असतो. आणि जादा पैसे देऊन तीन दिवस आधी खेळायला मिळतं तो वेळही एप्रिल २०२४ पासून मोजतात.

प्लेस्टेशन स्टोअरवर विक्रीच्या १४ दिवसांपेक्षा आधी घेतलेली प्री-ऑर्डर विक्रीच्या दिवसापर्यंत रद्द करता येते. त्यापेक्षा उशिरा घेतली तर पैसे दिल्यापासून १४ दिवस, पण डाउनलोड सुरू झालेलं नसेल तरच. म्हणून प्री-ऑर्डर करतानाच आपोआप डाउनलोडची सेटिंग बंद करून ठेवा, नाहीतर झोपेत असताना हक्क जातो.

किमतीचं: नवीन कन्सोलला डॉलरच्या दराने गुणू नका. पीएस४ अमेरिकेत ३९९ डॉलर, इथे जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपये, तेव्हा डॉलर ६२ च्या आसपास होता. पीएस५ बाजारात आला तेव्हा ४९९ डॉलर, इथे ४९,९९०. एक्सबॉक्स सिरीज एक्सचंही तेव्हा तेच. म्हणजे साधारण गुणिले शंभर. सिरीज एस मात्र २९९ ला ३४,९९० पडला, म्हणजे स्वस्तातल्या मॉडेलला हे गणित वरच्या बाजूला चुकतं. अमेरिकेतली जाहीर किंमत तिथला विक्रीकर सोडून असते हेही लक्षात असू द्या. शिवाय तारीख: पीएस५ बाहेर १२ नोव्हेंबर २०२० पासून मिळू लागला, भारतात २ फेब्रुवारी २०२१.

---

चौकटमोज्या

थेट बघणाऱ्यांसाठी वेळा. लॉस एंजेलिस जूनमध्ये आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, डिसेंबरमध्ये साडेतेरा. तिथले दुपारचे दोन म्हणजे आपले रात्रीचे अडीच. कोलोन ऑगस्टमध्ये साडेतीन तास मागे, तिथली रात्री आठची सुरुवात आपल्याकडे साडेअकराला. जपान साडेतीन तास पुढे.

पण थेट प्रक्षेपणावर चित्राचा दर्जा ठरवू नका, त्यात बिटरेट खूप पडतो. सकाळी उठून स्टुडिओच्या स्वतःच्या चॅनेलवरची वेगळी चढवलेली फाइल घ्या आणि मग पूर्णविरामाचं बटण दाबत बसा.